काटकसर कोणाच्या ताटातून?

१९६३ च्या ऑगस्ट महिन्यात लोकसभेत डॉ. राममनोहर लोहिया यांनी एक साधा हिशेब मांडला. देशातील सत्तावीस कोटी माणसे दिवसाला तीन आण्यांवर जगतात, असे त्यांचे म्हणणे होते. सरकारपक्षाने उत्तरादाखल पंधरा आण्यांचा आकडा पुढे केला. त्या दोन आकड्यांतील वाद आता इतिहासजमा झाला आहे. परंतु सामान्य कुटुंबाच्या वाणसामानाची यादी हा राष्ट्रीय राजकारणाचा विषय आहे, ही गोष्ट त्या वादाने सिद्ध केली. नऊ वर्षांनी, १९७२ मध्ये, मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते आदींच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या रस्त्यांवर लाटणी आणि थाळ्या घेऊन स्त्रिया उतरल्या, तेव्हा तोच हिशेब सभागृहातून चुलीपाशी आला.

आज हा विषय पुन्हा एकदा चुलीपाशीच कोंडला गेला आहे. कमी पैशांत सकस आहार कसा करावा, याविषयी गृहिणीला उपदेश करणाऱ्यांची वाण नाही. यादी करून बाजारात जावे, हंगामी भाजी घ्यावी, कडधान्यांना मोड आणावेत, उरलेले अन्न वाया घालवू नये, अशा सूचना चहूकडून येत असतात. त्या चुकीच्या नाहीत. मात्र त्यांच्यामागे एक गृहीतक दडलेले असते. कुटुंबाचे पोषण कमी पडते ते बाईच्या अज्ञानामुळे किंवा आळसामुळे, असे ते गृहीतक होय. याच्या उलट, आपल्या काही कार्यकर्त्यांची वृत्ती अशी की, व्यवस्था बदलल्याखेरीज काहीच होणार नाही, सबब काटकसरीच्या गोष्टी म्हणजे मध्यमवर्गीय चोचले. या दोन्ही भूमिका तपासून पाहावयास हव्यात. आणि त्यासाठी प्रथम हिशेबच करावयास हवा.

ताटाचा हिशेब

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची सुधारित मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. २,००० उष्मांकांचा आहार घेणाऱ्या माणसाच्या दिवसाच्या ताटात काय असावे, हे तीत सांगितले आहे : धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये (अथवा त्यांच्या ऐवजी काही अंशी अंडी, मासे, मांस) ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, दूध वा दही ३०० मिलिलिटर, शेंगदाणे-तीळ आदी ३५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम. अंगमेहनत करणाऱ्याला याहून अधिक लागेल, हे उघड आहे. परंतु किमान हिशेबासाठी हेच प्रमाण धरू.

चार माणसांच्या कुटुंबास तीस दिवसांसाठी यानुसार ३० किलो धान्य, १० किलोंहून थोडी अधिक डाळ, ४८ किलो भाजी, १२ किलो फळे, ३६ लिटर दूध, चार किलोंहून थोडे अधिक शेंगदाणे-तीळ आणि सव्वातीन किलो तेल लागते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली येणाऱ्या अशा कुटुंबाला दरमाणशी ५ किलोप्रमाणे २० किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. म्हणजे धान्याची दोनतृतीयांश गरज रास्त भाव दुकानातून भागते. बाकीच्या सहा वस्तूंपैकी एकही या कायद्यात नाही.

भाव गावागणिक आणि हंगामागणिक बदलतात. तरीही अलीकडच्या काळातील साधारण पातळी म्हणून डाळ १२० रुपये किलो, भाजी ४० रुपये, फळे ८० रुपये, दूध ६० रुपये लिटर, शेंगदाणे १४० रुपये, तेल १५० रुपये आणि रेशनबाहेरचे १० किलो धान्य ३५ रुपये असे धरले, तर महिन्याचा खर्च सुमारे ७,७०० रुपये होतो. यात चहा, साखर, मीठ, मसाला, लेकरांचा खाऊ वा पाहुण्यांचा पाहुणचार काहीही धरलेला नाही. इंधनही नाही.

आता दुसरी बाजू. २०२३-२४ च्या घरगुती उपभोग खर्चाच्या राष्ट्रीय पाहणीनुसार ग्रामीण भारतात दरमाणशी मासिक खर्च सरासरी ४,१२२ रुपये होता आणि त्यातील सुमारे ४७ टक्के अन्नावर जात होता. चार माणसांच्या सरासरी कुटुंबाचा अन्नखर्च त्यामुळे ७,७५० रुपयांच्या आसपास येतो. म्हणजे सरासरी ग्रामीण कुटुंबाने चहा-साखर-मसाला सोडून दिला, तर ते पोषण संस्थेच्या ताटापाशी जेमतेम पोहोचते. पण सरासरी ही फसवी गोष्ट आहे. वरच्या थरांचा भरघोस खर्च तिला वर ओढतो. त्याच पाहणीत सर्वांत खालच्या ५ टक्के ग्रामीण लोकांचा दरमाणशी खर्च १,६७७ रुपये आढळला. चौघांचा मिळून ६,७०८ रुपये. तोही अन्न, औषध, कपडा, शाळा, प्रवास असा सगळा धरून. ताटाचा खर्च त्यांच्या एकूण खर्चाहूनही जास्त आहे.

काटकसरीची शक्ती आणि तिची मर्यादा

आता उपदेशकांचे म्हणणे प्रामाणिकपणे मान्य करून पाहू. केवळ तुरीच्या डाळीवर अवलंबून न राहता मसूर, मटकी, चवळी, हुलगे यांची सांगड घातली आणि डाळ-कडधान्यांचा सरासरी खर्च किलोमागे ९० रुपयांवर आणला. फ्लॉवर-सिमला मिरचीऐवजी चाकवत, अंबाडी, राजगिरा, शेवग्याचा पाला, दुधी-भोपळा अशा हंगामी भाज्या ३० रुपये किलोने घेतल्या. सफरचंदाऐवजी पेरू, केळी, बोरे, आवळे असा ५० रुपयांच्या भावाचा मेळ घातला. तर महिन्याला सुमारे १,१५० रुपये वाचतात आणि ताटाचा कस तसूभरही कमी होत नाही. किंबहुना काही अंगांनी तो वाढतोच. पालेभाजीवर पिळलेले लिंबू तिच्यातील लोह शरीराला अधिक उपलब्ध करून देते. जेवणाबरोबर घेतलेला चहा नेमके याच्या उलट करतो. भाकरीतील प्रथिनांत जे कमी असते ते डाळीतील प्रथिने भरून काढतात. भाकरी, हुलग्याची उसळ, पातळ ताक आणि जवसाची वा कारळ्याची चटणी हे गावाकडचे जेवण शास्त्राच्या कसोटीस उतरते. कोकणात सुकट आणि जवळा हेच काम करतात.

१,१५० रुपये ही रक्कम क्षुल्लक नाही. मजूर कुटुंबाच्या घरात तो कित्येक दिवसांच्या श्रमाचा दाम आहे. म्हणून काटकसरीच्या ज्ञानाला तुच्छ लेखणारा कार्यकर्ता आपल्याच माणसांचे नुकसान करतो. जे ज्ञान आजीपाशी होते आणि नातीपर्यंत पोहोचले नाही, ते पोहोचवणे हे संघटनेचेही काम आहे.

परंतु हिशेब येथे थांबत नाही. ७,७०० मधून १,१५० वजा केले तरी ताटाचा खर्च ६,५५० रुपयांच्या आसपास राहतो. सर्वांत खालच्या थरातील कुटुंबाचा सगळा खर्च ६,७०८ रुपये. आदर्श गृहिणीने आदर्श काटकसर केली, तरी औषध, वह्या-पुस्तके, एसटीचे भाडे, कपडालत्ता या सर्वांसाठी तिच्या हाती महिन्याकाठी दीडशेच्या घरात रुपये उरतील. मग ती काय करते? जे प्रत्येक गरीब घरात होत आले आहे तेच ती करते. प्रथम फळे जातात, मग दूध चहापुरते उरते, भाजी एका वेळची होते आणि वरणात पाणी वाढते. धान्य तेवढे राहते, कारण रुपयामागे सर्वांत जास्त उष्मांक त्यातून मिळतात आणि पोट भरल्याची जाणीव होते. हे अज्ञान नव्हे. भुकेच्या दडपणाखाली केलेली ती अचूक अर्थशास्त्रीय निवड आहे. रोग त्या निवडीत नसून ती करावयास लावणाऱ्या परिस्थितीत आहे.

पोट भरणे आणि पोषण होणे

१९७१ मध्ये प्रा. वि. म. दांडेकर आणि प्रा. नीळकंठ रथ यांनी पुण्याच्या गोखले संस्थेतून भारतातील दारिद्र्याचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा दरमाणशी रोज २,२५० उष्मांक मिळवून देणारा खर्च ही त्यांची कसोटी होती. पुढे डॉ. पां. वा. सुखात्मे यांच्याशी झालेल्या वादात उष्मांकांची ही रेषा कोठे आखावी, याचा बराच खल झाला. त्या काळी प्रश्न पोट भरण्याचा होता, आणि ते योग्यच होते. १९७२ च्या दुष्काळात दुष्काळी कामांवरील सुकडी आणि रेशनवरची मिलो खाल्लेली पिढी अजून हयात आहे.

आज मोफत धान्यामुळे पोट भरण्याचा प्रश्न पुष्कळ अंशी सौम्य झाला आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. १९९९-२००० मध्ये ग्रामीण कुटुंबाच्या खर्चातील सुमारे २२ टक्के भाग धान्यावर जात असे. २०२३-२४ मध्ये तो ५ टक्क्यांच्या आसपास आला. असे असूनही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. प्रगत म्हणवणाऱ्या महाराष्ट्रात पाच वर्षांखालील ३५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली होती. त्याच पाहणीत देशातील जवळपास १९ टक्के स्त्रिया कृश, तर २४ टक्के स्त्रिया स्थूल होत्या. स्वस्त धान्य, साखर आणि पामतेल यांनी भरलेल्या ताटाचे हे दोन चेहरे आहेत. मधुमेहींची संख्या दहा कोटींवर गेल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाने दाखवले. मधुमेह हा श्रीमंतांचा आजार राहिलेला नाही.

धान्यावर वाचलेला पैसा डाळीकडे पुरेसा का वळला नाही? एक कारण दवाखाना, शिक्षण व प्रवास यांचा वाढलेला बोजा. दुसरे कारण तयार खाद्याची बाजारपेठ. २०२३-२४ च्या पाहणीत पेये, उपाहार आणि तयार खाद्य यांचा वाटा ग्रामीण खर्चात जवळजवळ १० टक्के आणि शहरी खर्चात ११ टक्के होता. त्यात कामावरच्या माणसाचा चहा-वडापाव आहे, तसे लेकराच्या हाती दिलेले पाच रुपयांचे पाकीटही आहे. पहाटे घर सोडून संध्याकाळी परतणारी आई पाकीट देते, कारण तिला उसळ शिजवण्यास वेळ नाही. कारखानदाराने ते पाकीट पाच रुपयांत बसवले आहे. शेंगदाण्याच्या लाडवाची जाहिरात करणारे मात्र कोणी नाही. करधोरणही या बाबतीत तटस्थ म्हणता येत नाही. जुलै २०२२ पासून पाकीटबंद, लेबल लावलेल्या धान्य-डाळींवर ५ टक्के वस्तु-सेवा कर आला, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये बिस्किटांवरील कर १८ टक्क्यांवरून आणि फरसाणावरील १२ टक्क्यांवरून त्याच ५ टक्क्यांवर उतरला. पाकिटातील डाळ आणि पाकिटातील बिस्कीट आता एकाच रांगेत उभे आहेत.

काटकसरीचा भार कोणावर?

उपदेशकांच्या हिशेबात एक खर्च कधीच धरला जात नाही. तो म्हणजे स्त्रीचे श्रम. पालेभाजी स्वस्त असते, पण ती निवडावी लागते. कडधान्य स्वस्त असते, पण ते पाखडणे, भिजवणे, मोड आणणे हे कोणीतरी करावे लागते. स्वस्त भाव मिळावा म्हणून बाजारात संध्याकाळपर्यंत थांबावे लागते. बाजारात जो रुपया वाचतो त्याची किंमत बहुधा घरातील एकाच व्यक्तीच्या विश्रांतीतून वसूल होते. आणि वरण कमी पडले की शेवटी जेवणारी व्यक्तीही तीच असते. रक्तक्षयाचे आकडे स्त्रियांकडे झुकतात त्याला शरीरधर्माइतकीच पंक्तीतील ही शेवटची जागाही कारणीभूत आहे. समतेच्या सभांतून भाषणे करणाऱ्यांच्या घरी सर्वजण एकत्र जेवावयास बसतात काय, हा प्रश्न गैरलागू नव्हे. घरातील काटकसर करावयाची तर तिची सुरुवात पुरुषाच्या तंबाखू-विडीपासून व्हावी; बाईच्या वाटीतील वरणापासून नव्हे.

दुसरा न दिसणारा भार उधारीचा. नोकरदार कुटुंब सुगीच्या वेळी वर्षाची बेगमी करते. डाळ, ज्वारी, शेंगदाणे पडत्या भावात भरून ठेवते. रोजंदारीवरचा माणूस आठवड्याच्या बाजाराला पावकिलो डाळ आणि दहा-वीस रुपयांचे तेल घेतो. सुट्या मालाचा भाव चढा, आणि उधारीचे खाते असल्याने दुकान बदलण्याची मुभाही नाही. गरीब माणूस एकाच वस्तूला श्रीमंताहून अधिक दाम मोजतो. त्याला काटकसर कळत नाही असे नाही. काटकसर करण्यासाठी लागणारे भांडवल त्याच्यापाशी नसते.

शेतकरी आणि ग्राहक

येथे एक आक्षेप घेतला जातो. डाळ स्वस्त झाली तर शेतकरी मरेल, असे म्हटले जाते. शेतकरी आणि ग्राहक यांची ही झुंज लावण्यात काहींचे हितसंबंध गुंतले आहेत. २०१५ मध्ये तूरडाळीचा भाव किलोला २०० रुपयांच्या घरात गेला. ते पाहून शेतकऱ्यांनी पुढच्या वर्षी भरपूर तूर पेरली; २०१७ मध्ये बाजारभाव आधारभूत किमतीच्या खाली कोसळला आणि खरेदी केंद्रांपुढे गाड्यांच्या रांगा लागल्या. दोन वर्षांच्या आत ग्राहक आणि शेतकरी दोघेही नागवले गेले. तूर आधारभूत भावाने खरेदी करून रास्त भाव दुकानांतून वाटण्याची कायम यंत्रणा असती, तर दोघेही वाचले असते. त्यानंतर काही काळ रेशनवर तूरडाळ विकली गेली हे खरे; पण तो साठलेला माल खपविण्याचा उपाय होता. नागरिकाचा हक्क म्हणून ती डाळ आली नव्हती.

१९६५ मध्ये अन्न महामंडळ स्थापन झाले आणि गहू-तांदळाच्या खरेदीची यंत्रणा उभी राहिली. त्या दोन पिकांना हमी मिळाली. ज्वारी, बाजरी, नाचणी आणि कडधान्ये कोरडवाहू शेतकऱ्याच्या नशिबावर सोडली गेली. महाराष्ट्रात ज्वारीचे क्षेत्र आटत गेले, सोयाबीन आणि ऊस वाढत गेले, आणि एके काळी गरिबाची समजली जाणारी ज्वारी शहराच्या बाजारात गव्हाहून महाग झाली. अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्यांची तरतूद आहे. कर्नाटकात नाचणी आणि ज्वारी रेशनवर दिली जाते. तामिळनाडूत २००७ पासून तूरडाळ आणि पामतेल सवलतीच्या दराने मिळते. महाराष्ट्रात मात्र २०२२ च्या दिवाळीपासून १०० रुपयांत रवा, हरभराडाळ, साखर आणि पामतेल देण्यात आले ते सणासुदीला. पोषण ही सणाची भेट नव्हे. मुलाच्या हाडांना डाळ दिवाळीतच लागते आणि ज्येष्ठात लागत नाही, असे कोणत्याही शास्त्राने सांगितलेले नाही.

शाळेच्या जेवणाची कथाही अशीच आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने विद्यार्थ्यांना आठवड्यातून एकदा अंडे, आणि ते न खाणाऱ्यांना केळ्यासारखे फळ देण्याचे ठरवले. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यासाठीचा शासकीय निधी थांबवून ते लोकवर्गणीवर सोपवण्यात आले. आठवड्याला एक अंडे! ज्या राज्याचा अर्थसंकल्प काही लाख कोटींचा आहे, त्याला काटकसर सुचली ती मुलाच्या ताटात.

कार्यकर्त्यांपुढील काम

यातून दोन प्रकारची कामे निघतात आणि ती परस्परांना मारक नाहीत. पहिले काम आपल्या हातातले आहे. १९४८ मध्ये नायगावच्या कामगार वस्तीत ‘अपना बाजार’ची सुरुवात झाली, १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारच्या कुटुंबांचे गट करून एकत्र वाणसामान घेण्याची पद्धत रुजवली. ज्या वस्तीत पक्षाची शाखा आहे, तेथे वीस-पंचवीस कुटुंबांनी सुगीच्या वेळी डाळ, ज्वारी आणि शेंगदाणे एकत्र खरेदी करणे अशक्य नाही. बचत गटाचे कर्ज लग्नाला मिळते, तसे बेगमीलाही मिळाले पाहिजे. याच गटात कोणती पालेभाजी कधी स्वस्त, हुलगे कसे शिजवावेत, लहान मुलाला नाचणीचे सत्त्व कसे द्यावे, याची देवाणघेवाण होईल. तिला वरून दिलेल्या उपदेशाचा वास येणार नाही.

दुसरे काम संघर्षाचे आहे. रेशनवर धान्याबरोबर दरमहा दरमाणशी किमान एक किलो डाळ आणि कुटुंबामागे तेल मिळावे. महाराष्ट्रातच पिकलेली ज्वारी, बाजरी व नाचणी शासनाने आधारभूत भावाने घेऊन त्याच जिल्ह्यातील दुकानांतून द्यावी. शाळा आणि अंगणवाडीतील अंडे वा फळ पुन्हा शासकीय खर्चाने सुरू व्हावे. आणि मजुरीचे दर ठरवताना केवळ धान्याचा नव्हे, तर सबंध ताटाचा हिशेब धरला जावा. या मागण्या सभेत घोषणा म्हणून पुरेशा नाहीत. प्रत्येक शाखेने आपल्या गावच्या बाजारभावाने वर मांडलेला हिशेब स्वतः करावा, गावातील दहा घरांच्या खर्चाशी तो ताडून पाहावा आणि तो कागद घेऊन तहसीलदाराकडे जावे. लोहियांच्या तीन आण्यांचे बळ हिशेबात होते. १९७२ च्या मोर्च्यातील बायकाही तेलाचा आणि साखरेचा भाव पदराला गाठ मारून आल्या होत्या.

काटकसर हा गुण आहे, पण तो वाटणीचा प्रश्न सोडवू शकत नाही. जिच्या हाती खर्चण्यास पुरेसे आहे, तिला काटकसर शहाणपण शिकवते. जिच्या हाती पुरेसे नाही, तिला ती कोणाच्या वाटीतून काढायचे एवढेच विचारते. तो प्रश्न त्या बाईला एकटीने सोडवावा लागू नये, एवढ्यासाठीच संघटना असते.